मास्ट पेशी व त्यांवरील रिसेप्टर

लेखकाने येथे ॲलर्जीचा सारा दोष रक्तातील आयजीई प्रतिपिंडांना दिला आहे. ते अर्धेच खरे आहे. रक्तात आयजीई जेमतेम दोन-तीन दिवस टिकते. त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात ठाण मांडून असलेल्या मास्ट पेशींच्या रिसेप्टरना ते चिकटले, की मात्र आठवडेच्या आठवडे राहते. नुसत्या चिकटण्याने काहीच होत नाही. शेंगदाण्यातला किंवा परागातला एखादा प्रथिनरेणू शेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो, तेव्हा त्यांखालचे रिसेप्टर एकत्र ओढले जातात आणि काही मिनिटांतच पेशीत साठलेले हिस्टामिन बाहेर पडते. गांधी, शिंका, धाप ही त्याची फळे. (याच पेशींवर आवर घालणारे रिसेप्टरही असतात, पाठ्यपुस्तके त्यांना फार थोडी जागा देतात.) २०१५ साली आणखी एक वाट उजेडात आली. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे ‘एमआरजीपीआरएक्स२’ या रिसेप्टरला थेट चेतवतात, तेथे आयजीई लागतच नाही. म्हणून औषधाच्या पहिल्याच मात्रेने अंगावर पित्त उठू शकते, आणि आयजीईची तपासणी निर्दोष आली तरी रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. — संपा.