डोहाचा कायदा

मासे धरायचे नियम कागदावर लिहिलेले असतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे नियम म्हणजे गावच्या गायत्यानं सांगितलेलं आणि बापानं पाठीवर उमटवलेलं.

आमचं गाव हेमलकशाहून दोन कोस आत. बाप मूळचा धानपट्ट्यातला. लाकूडकामावर मुकादम म्हणून आलापल्लीकडे आला, तिथून इकडे सरकला आणि माडिया लोकांच्या गावात जमीन करून राहिला. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. पण मी शिकलो आजोळी, सिंदेवाहीकडे. दहावीपर्यंत. त्यामुळे पाण्याचे दोन कायदे मी लहानपणीच पाहिले, एक तलावाचा आणि एक डोहाचा.

आजोळचा तलाव मालगुजारी. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला खालची जमीन मिळायची, म्हणून कोहळी आणि इतर लोकांनी पाळी घातल्या असं सांगतात. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि लोक त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणता म्हणता 'मामा तलाव' म्हणू लागले. आजी सांगायची, आधी मालगुजाराच्या घरी माशाचा पहिला वाटा जायचा. पुढे ढिवरांच्या सोसायट्या झाल्या, त्या ठेका घेऊन मासे धरू लागल्या. भांडण मात्र मिटलं नाही. शेतकऱ्याला धान निसवताना तलावाचं सगळं पाणी पाहिजे, ढिवराला तळाशी चार हात पाणी राहिलं पाहिजे. उन्हाळा लागला की पाळीवर रोज एक भांडण. मी स्वतः शेतकरी आहे, पण खरं सांगतो, त्यात ढिवराचं म्हणणं मला जास्त पटायचं. धान एक हंगाम बुडतं. तळ कोरडा पडला की मरळीचं बियाणंच जातं.

मरळ साचलेल्या पाण्यात वाढते आणि पिलं राखते. जून-जुलैत पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसतो, खाली नर-मादी फिरत असतात. तेव्हा त्यांच्यावर गळ टाकायचा नाही, हा ढिवरांचा नियम. मोठी मरळ काढली की सारा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. रोहू, कटला यांचं वेगळं. ते अंडी घालतात वाहत्या पुराच्या पाण्यात, तलावात नाही. म्हणून त्यांचं बीज आणून सोडावं लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांची अंडी मिळवून दाखवली, तेव्हापासून बीज विकत मिळायला लागलं. त्याआधी नदीतून गोळा करून आणत.

आमच्या जंगलात तसे मोठे तलाव नाहीत. नद्या आहेत, पामुलगौतमी, पर्लकोटा, इंद्रावती, आणि त्यांना मिळणारे नाले. उन्हाळ्यात नाल्याची धार तुटते आणि डोह उरतात. गावाचे डोह ठरलेले. एका गावानं दुसऱ्याच्या डोहात जायचं नाही. मे महिन्यात एक दिवस गायता ठरवायचा. सारं गाव जायचं, म्हातारी माणसंसुद्धा. गेळाची फळं ठेचून पाण्यात कालवायची. मासे गुंगून वर येतात, ते टोपल्यांनी उचलायचे. गेळाचा अंमल काही वेळ टिकतो, मग पाणी पुन्हा पूर्वीसारखं. जो मासा उचलला नाही तो शुद्धीवर येऊन खाली जातो. वाटे पडायचे ते घरटी, विधवेच्या घरीसुद्धा तेवढाच. आणि एकाच डोहात वर्षातून दोनदा नाही.

मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. दहावी झालेला, म्हणून अंगात शहाणपण जरा जास्त. आजोळहून येताना धानाच्या किडीचं औषध आणलं होतं, एक बाटली. दोघा मित्रांना म्हटलं, गावाची वाट कशाला पाहायची? रात्री जाऊन वरच्या डोहात ओतली. सकाळी पाणी पांढरं. मासे तर होतेच, पण झिंगे, खेकडे, बेडकं, नखाएवढी पिलं, सारं पालथं. गुंगलेलं काहीच नाही, सगळं मेलेलं. आम्ही घाबरून पळालो. दुपारी गावातल्या एकाचा बैल तिथं पाणी प्यायला आणि संध्याकाळपर्यंत पाय झाडून मेला.

गाव बसलं. मी कबूल झालो, कारण बाटली माझ्याच झोपडीमागे सापडली होती. गायता माडियात बोलला, त्याचा अर्थ एवढाच की बैलाच्या बदल्यात बैल, आणि डोह तीन वर्षं कुणीच छेडायचा नाही. बापानं काही न बोलता आमच्या जोडीतला डावा बैल सोडला आणि दुसऱ्याच्या अंगणात नेऊन बांधला. पेरणी आठ दिवसांवर होती. त्या वर्षी आमच्या बांध्या उसन्या बैलावर झाल्या. शेवटी रोवणा मागे पडला आणि धान निम्मंच आलं. बाप माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबू, त्या डोहाचं पाणी आपणही पितो ना?"

नावेचेही नियम तसेच तोंडी. एकाच खोडातून कोरलेला डोंगा, त्यात उभं राहायचं नाही, लेकराला मधे बसवायचं, आणि डोंगेवाला नाही म्हणाला तर नाही. पावसाळ्यात पर्लकोट्याच्या जुन्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड आणि पलीकडची शंभरावर गावं तुटायची, तेव्हा घाई करणारे पुष्कळ असायचे. आमचा डोंगेवाला पाण्यात थुंकून पाहायचा, थुंकी किती वेगानं जाते त्यावरून ठरवायचा. लोक हसायचे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव उलटली, जीव गेले. पूर नव्हता, पावसाळा नव्हता. अंगात तरंगणारं जाकीट असतं तर, हे आपण नंतर म्हणतो.

पुढे कायदे आले. १९९६ च्या पेसानं आदिवासी भागातल्या लहान पाणवठ्यांचं नियोजन पंचायतीकडे दिलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर मासे आणि पाणवठ्यातली इतर उपज हा गावाचा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. २००९ साली आपल्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले. ते ऐकून आमच्या ग्रामसभेनेही डोहांचे नियम रजिस्टरात उतरवायचं ठरवलं. लिहायला मलाच बसवलं. दहावी झालेला मीच होतो. बाटलीची गोष्ट माहीत असलेली चार-पाच माणसं समोर बसली होती, त्यांतल्या कुणी ती काढली नाही.

पहिलाच नियम अडला. मी लिहिलं, 'डोहात कोणतंही विष टाकू नये.' इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यातही तेच आहे, सुरुंग नको, विष नको, चुना नको. कायद्याला गेळाचं फळ आणि किडीचं औषध सारखंच. एक म्हातारी उठली. म्हणाली, "असं कसं? मग मे महिन्यात आम्ही काय करायचं?" वाद तासभर चालला. तरुण पोरं म्हणत होती, सगळं बंद करा, जाळं टाकू. म्हातारे म्हणत होते, जाळं रोज पडतं, गेळ एकदाच पडतो. शेवटी मी पहिली ओळ खोडली आणि लिहिलं: 'दुकानातून आणलेलं काहीही डोहात टाकू नये. गेळ वर्षातून एकदा, साऱ्या गावाने, गायत्याच्या सांगण्यावरून.' कायद्याच्या जाणत्याला हे चालेल की नाही ते मी विचारलं नाही.

वरच्या डोहात मरळ परत आली, चार-पाच पावसाळ्यांत. वाम आली नाही. पूर्वी दगडांच्या फटीत हात घातला की वाम हाताला वळसा घालायची. मी अजूनही मे महिन्यात तिथे जाऊन एकदा हात घालून पाहतो.