बेवफा कोण? सेंट लुईसच्या दोन खेळाडूंची गोष्ट

८ डिसेंबर २०११. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सकाळीच बातमी आली की अल्बर्ट पुहोल्स संघ सोडून चालला. कॅलिफोर्नियातल्या एंजल्स संघाने त्याला दहा वर्षांसाठी सुमारे २४ कोटी डॉलर देऊ केले होते आणि त्याने ते स्वीकारले होते. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी याच शहराच्या कार्डिनल्स संघाने बेसबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा, वर्ल्ड सिरीज, जिंकली होती. त्या स्पर्धेतल्या एकाच सामन्यात पुहोल्सने तीन होम रन मारले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शहरातल्या त्याच्या नावाच्या रेस्टॉरंटबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळाही उभा राहिला होता. पुतळ्याला जेमतेम महिना उलटला तोच माणूस निघून गेला.

लोक चिडले, रडले. पाठीवर ५ नंबर असलेले लाल शर्ट कपाटात गेले. ‘पैशासाठी विकला गेला’, ‘गद्दार निघाला’ असं म्हणणारे होते. ‘अकरा वर्षं दिलीस, शुक्रिया’ म्हणणारेही होते. संघमालकांनीच हात आखडता घेतला म्हणून मालकांना दोष देणारेही होते. पण सगळ्यांत मोठा आवाज दुखावलेल्यांचा होता.

ते दुखावणं मला समजतं. पुहोल्स डोमिनिकन रिपब्लिकमधून अमेरिकेत आलेला मुलगा. १९९९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचं नाव तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. म्हणजे त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. २००१ मध्ये तो कार्डिनल्सकडून उतरला आणि अकरा हंगामांत ४४५ होम रन, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि दोन वर्ल्ड सिरीज अशी कमाई त्याने केली. शहराने त्याला आपला मुलगा मानलं होतं.

त्यात सेंट लुईसकडे तुलनेसाठी एक मोठं नाव होतं, स्टॅन म्युझियल. १९४१ ते १९६३ या काळात, मधलं नौदलातलं एक वर्ष सोडून, २२ हंगाम तो फक्त कार्डिनल्सकडून खेळला. लोक त्याला ‘द मॅन’ म्हणत. पुहोल्सला कुणी स्पॅनिशमध्ये ‘एल होम्ब्रे’ म्हणू लागलं, तेव्हा त्याने स्वतःच नको म्हटलं. या शहरात ‘द मॅन’ एकच आहे, अशी त्याची भावना होती. म्हणून २०११ मध्ये लोकांच्या मनात एकच वाक्य घोळत होतं की म्युझियल राहिला, हा गेला. एक वफादार, दुसरा बेवफा.

मी बेसबॉल पाहत वाढलेलो नाही. पण ‘वफादार’ आणि ‘बेवफा’ हे शब्द कुठेही ऐकले की माझे कान टवकारतात. वफादारी कुणी मागायची आणि कुणी सिद्ध करायची? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर त्याच शहरात, त्याच संघात, बेचाळीस वर्षं मागे पोहोचलो.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडला फोनवरून कळवण्यात आलं की तुला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकलं आहे. फ्लड बारा वर्षं कार्डिनल्सकडे होता. १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात तो होता. मैदानाच्या मध्यभागी क्षेत्ररक्षण करण्यासाठी सलग सात वर्षं त्याला ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळाला होता. एवढ्या खेळाडूला कुणी विचारलं नाही. तीन सहकाऱ्यांसोबत त्याचं नाव एका यादीत घातलं गेलं आणि बदल्यात फिलाडेल्फियाचे खेळाडू घेतले गेले.

हे कायद्याने चालत होतं. बेसबॉलच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं एक कलम होतं. त्याची सुरुवात १८७९ मध्ये झाली. करार दिसायला एका वर्षाचा, पण तो पुढच्या वर्षासाठी वाढवायचा हक्क क्लबकडे. पुढच्या वर्षीच्या करारात पुन्हा तेच कलम. म्हणजे एकदा सही केली की खेळाडू कायमचा त्या क्लबचा. क्लब त्याला विकू शकतो, बदलून टाकू शकतो, काढू शकतो. खेळाडू मात्र दुसऱ्या क्लबशी बोलूही शकत नाही. खेळायचं तर इथेच, नाहीतर घरी बसायचं.

आपल्या वाचकांना हे समजायला वेळ लागू नये. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत ‘कफील’ हा शब्द घराघरांत माहीत आहे. आखाती देशात गेलेल्या माणसाचा व्हिसा ज्याच्या नावावर, तो कफील. त्याची परवानगी नसेल तर नोकरी बदलता येत नसे, कित्येकांचे पासपोर्टही त्याच्याच कपाटात असत. गेल्या काही वर्षांत काही देशांनी हे नियम सैल केले आहेत. उन्हात राबणारा मजूर आणि हजारो डॉलर कमावणारा खेळाडू यांचं दुःख एकाच तराजूत तोलता येणार नाही, हे मी जाणतो. पण गाठ तीच आहे. कामाची जागा सोडायचा हक्क काम करणाऱ्याकडे नाही, काम घेणाऱ्याकडे आहे.

फ्लडने नकार दिला. २४ डिसेंबर १९६९ ला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. माझी इच्छा न विचारता खरेदी-विक्री करावी अशी मी कुणाची मालमत्ता नाही, असा त्याचा आशय होता. कून यांनी मागणी फेटाळली, आणि १९७० च्या जानेवारीत फ्लड कोर्टात गेला.

फ्लड कृष्णवर्णीय होता, हे इथे विसरून चालणार नाही. उमेदवारीच्या काळात दक्षिणेतल्या छोट्या शहरांत तो खेळला, तेव्हा त्याला गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर जेवता येत नसे आणि त्याचे कपडेही वेगळे काढून धुवायला पाठवले जात. शिवाय कार्डिनल्सच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट लुईसचं जुनं कोर्ट आहे. ड्रेड स्कॉट या गुलामाने आपण मालमत्ता नसून माणूस आहोत हा दावा तिथेच लावला होता. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. फ्लडने टेलिव्हिजनवर स्वतःची तुलना गुलामाशी केली, तेव्हा त्यामागे हा सगळा इतिहास उभा होता.

मग प्रेक्षकांनी काय केलं? बरेच जण त्याच्यावर उखडले. त्याला शिव्याशापांची पत्रं आली. वर्षाला ९० हजार डॉलर घेणारा कसला गुलाम, असं वर्तमानपत्रांतूनही लिहिलं गेलं. त्यावर फ्लडचं म्हणणं साधं होतं. पगार चांगला असला म्हणून गुलाम गुलाम राहत नाही असं नाही.

खटल्यात काळ्या खेळाडूंसाठी बेसबॉलचा दरवाजा उघडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीला आला. हँक ग्रीनबर्ग हा जुना ज्यू खेळाडूही आला. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला उभा राहिला नाही. सगळ्यांना आपापल्या कराराची भीती होती.

१९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ अशा मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही, असं याच न्यायालयाने १९२२ मध्ये म्हटलं होतं. ही सूट विसंगत आहे, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं, पण ती दूर करायची तर संसदेने करावी, असं सांगून हात झटकले. नववे न्यायमूर्ती पॉवेल बाजूला राहिले, कारण अनहायझर-बुश कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते आणि कार्डिनल्स संघ त्याच बिअर कंपनीच्या मालकीचा होता.

याच्या आदल्याच वर्षी, १९७१ च्या जूनमध्ये, याच न्यायालयाने मुहम्मद अलीची शिक्षा एकमताने रद्द केली होती. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिल्यामुळे अलीला तीन वर्षांहून जास्त काळ रिंगणाबाहेर राहावं लागलं होतं. आपल्या घरांत अलीची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, सांगायलाच हवी. तो परत आला, पुन्हा विश्वविजेता झाला. फ्लडला परतीची वाट मिळाली नाही. १९७१ मध्ये तो वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळला, मग खेळ सोडून स्पेनच्या मायोर्का बेटावर निघून गेला. हरलेल्या माणसाची गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून ती इथे सांगतो आहे.

पण त्याने लावलेला धक्का वाया गेला नाही. १९७३ मध्ये नियम झाला की दहा वर्षं खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येणार नाही. चार वर्षं आधी हा नियम असता तर फ्लड सेंट लुईसमध्येच राहिला असता. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या प्रकरणात निकाल दिला की ‘एक वर्ष वाढ’ याचा अर्थ एकच वर्ष, जन्मभर नव्हे. क्लबमालकांनी साइट्झ यांना लगेच पदावरून काढलं, पण निकाल टिकला. १९७६ च्या करारात ठरलं की सहा वर्षं पूर्ण केलेला खेळाडू करार संपल्यावर मोकळा. यालाच ‘फ्री एजन्सी’ म्हणतात. २०११ मध्ये पुहोल्स ज्या दारातून बाहेर पडला, ते दार उघडण्यासाठी त्याच्याच संघातल्या एका माणसाने आपली कारकीर्द गमावली होती.

आता म्युझियल आणि पुहोल्स यांच्या तुलनेकडे पुन्हा पाहू. म्युझियल चांगला माणूस नव्हता किंवा त्याचं शहरावर प्रेम नव्हतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. १९४६ मध्ये मेक्सिकोच्या लीगने मोठी रक्कम पुढे केली, ती त्याने नाकारली. पण जे गेले, त्यात कार्डिनल्सचेही तिघे होते, त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली गेली. ती १९४९ मध्ये उठली. अमेरिकेतल्या दुसऱ्या क्लबकडे स्वतःहून जायची सोय तर म्युझियलला कधीच नव्हती. ज्या घराला बाहेरून कडी आहे, त्या घरात राहणाऱ्याच्या वफादारीची परीक्षा झालेलीच नसते.

याचा अर्थ प्रेक्षक मूर्ख आहे असा नाही. उलट या सगळ्या व्यवहारात खरा बांधलेला तोच आहे. आजोबांकडून आलेला संघ तो बदलू शकत नाही. सेंट लुईसकरांनी तर अख्खे संघ जाताना पाहिले आहेत. १९५३ च्या हंगामानंतर ब्राउन्स बाल्टिमोरला गेले, १९८८ मध्ये फुटबॉलचा कार्डिनल्स संघ ॲरिझोनाला, २०१६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला. तिन्ही वेळा निर्णय मालकांचा होता. म्हणून कुणी गेलं की या शहराची जुनी जखम उघडी पडते. पण राग निघतो तो खेळाडूवर, कारण त्याचा चेहरा ओळखीचा असतो. मालकाच्या पाठीवर नंबर नसतो.

आपल्याकडेही हेच दिसलं. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्याची आधी अहमदाबादेत हुर्यो उडवली गेली, कारण त्याने गुजरात सोडलं. मग वानखेडेवर, कारण त्याला रोहित शर्माच्या जागी कर्णधार केलं. कर्णधार बदलणाऱ्यांची हुर्यो कुणी उडवली नाही. आणि लिलावात उभ्या राहिलेल्या खेळाडूला कोणत्या शहरात जायचं हे ठरवता येत नाही, याचं आपल्याला काहीच वाटत नाही.

वफादारीचा दाखला मागणारा माणूस मनातून स्वतःला मालक समजत असतो. या देशातल्या मुसलमानाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जो स्वखुशीने राहिला, त्याच्याकडे रोज राहण्याचा पुरावा मागणं आणि जो हक्काने गेला, त्याला गद्दार म्हणणं, या दोन्हींच्या मुळाशी मालकीची एकच सवय आहे.

सेंट लुईसच्या प्रेक्षकांनी मात्र ही सवय मोडून दाखवली. २१ जून २०१९ ला पुहोल्स एंजल्सकडून, म्हणजे पाहुण्या संघाकडून, जुन्या मैदानावर पहिल्यांदा परतला. तो फलंदाजीला आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात. कार्डिनल्सचा यष्टिरक्षक म्हणावा असा कॅचर यादियर मोलिना जागेवरून उठला आणि त्याने त्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी त्याने कार्डिनल्सच्याच विरुद्ध होम रन मारला, तरी लोकांनी टाळ्या वाजवून त्याला पुन्हा बाहेर बोलावलं. २०२२ मध्ये तो शेवटच्या हंगामासाठी कार्डिनल्सकडे परतला, आपल्या मर्जीने, आणि त्याच वर्षी त्याने ७०० होम रनचा टप्पा ओलांडला.

कर्ट फ्लडचं २० जानेवारी १९९७ ला निधन झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने त्याच्या नावाचा कायदा करून खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सूट काढून घेतली. २०१५ मध्ये कार्डिनल्सने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घेतलं. तेव्हा हक्काचा माणूस न विचारता देऊन टाकणाऱ्या क्लबला १९६९ मध्ये कुणी बेवफा म्हटलं होतं का, हे मी बरंच शोधलं. गद्दार म्हणून गाजलेलं नाव मला एकट्या फ्लडचंच सापडलं.