न ऐकताही पोहोचलेला अल्बम

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून लांब, गुंतागुंतीच्या रचना करणारं रॉक संगीत. त्याचे चाहते कट्टर. इतरांना ते कंटाळवाणं वाटतं. पण त्यातल्या एका अल्बमचा वारसा चाहत्यांच्या फार पलीकडे गेला.

१९७१ मध्ये इंग्लंडमधल्या माइक ओल्डफील्ड या जेमतेम १८ वर्षांच्या मुलाने उसन्या टेपरेकॉर्डरचं आवाज पुसणारं हेड पुठ्ठ्याने झाकलं. त्यामुळे आधीचा आवाज पुसला न जाता त्यावर दुसरं वाद्य चढवता येऊ लागलं. इंजिनिअर म्हणून मला ही युक्ती फार आवडते. ही टेप अनेक कंपन्यांनी नाकारली. शेवटी रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या मॅनर स्टुडिओने त्याला एक आठवडा दिला आणि नंतर स्टुडिओ रिकामा असेल तेव्हाचा वेळ. बहुतेक वाद्यं त्याने स्वतःच वाजवली. २५ मे १९७३ रोजी ‘ट्यूब्युलर बेल्स’ बाजारात आला. ब्रॅन्सन यांच्या नव्या व्हर्जिन रेकॉर्ड्सच्या अगदी पहिल्या अल्बमांपैकी तो एक होता.

त्याच वर्षी ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भयपटात त्याची सुरुवातीची धून वाजली आणि जगभर पोहोचली. अल्बमच्या यशावर कंपनी उभी राहिली, १९८४ मध्ये व्हर्जिन अटलांटिकची विमानं उडू लागली. पुढे १९९२ मध्ये विमान कंपनी सावरण्यासाठी ब्रॅन्सन यांना रेकॉर्ड कंपनीच विकावी लागली. आपल्यापैकी काहीजण त्या विमानाने मुंबईहून लंडनला गेलेही असतील. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात ओल्डफील्ड यांनी हीच रचना वाजवली. भोवती नर्स आणि रुग्णालयातल्या खाटांवरची मुलं नाचत होती.

या प्रसिद्धीची किंमतही आहे. सुमारे ४९ मिनिटांची रचना लोकांच्या लेखी ‘ती भुताची धून’ एवढीच उरली. पुढचे हळवे, खट्याळ, सणासुदीसारखे गजबजलेले भाग न ऐकलेलेच राहिले. चाहत्यांची ही तक्रार मला रास्त वाटते.

तरी वारसा बहुधा असाच पुढे जातो, तुकड्यांनी आणि निनावी. आपल्या वर्गातल्या डॉक्टरकडे येणाऱ्या पेशंटला तिला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं नाव कुठे माहीत असतं? गुण मात्र येतो. म्हणून ज्यांना मूळ रचना ठाऊक आहे, त्यांनी ती अधूनमधून पूर्ण ऐकावी आणि नाव घेऊन इतरांना सांगावी. या स्मरणिकेचं कामही तेच आहे.