पाना कोणाच्या हातीं?

सांधे दुखूं लागले म्हणजे मनुष्याला आपल्या हौसेचा हिशेब करावा लागतो. आमच्या साताऱ्याच्या घरीं १९३६ सालची एक मॉरिस एट मोटार उघडून पडली आहे. तिचें ९१८ घनसेंटीमीटरचें लहानसें इंजिन आम्हीं स्वतः खोललें. पण एकेक व्हॉल्व्ह हातानें फिरवून, घासून बसविण्याचें काम निघालें आणि बोटांनीं असहकार पुकारला. गुडघे तर गाडीखालीं जाऊंच देत नाहींत. ती विकून टाकावी, असा घरच्यांचा आग्रह आहे. तो प्रेमाचा आहे, हें आम्ही जाणतों. अशा वेळीं इतिहासाला कौल लावण्याची आमची जुनी खोड. आणि त्यासाठीं फार दूर जावें लागलें नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावें या ओढीनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. तेथें आढळून आलें कीं, कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाहीं. रंगांवर जन्म काढूं पाहणाऱ्याला याहून कठोर निकाल कोणता? त्यांनीं रंग सोडले. रेषा मात्र सोडली नाहीं. यंत्रांच्या रेखनांत ते निष्णात झाले, तो विषय मुंबईस शिकवूं लागले, आणि पुढें बेळगांवीं सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत पोंचले. बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळचा माळ दिला. तेथें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यांत आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत आहे. तेव्हां दोन्ही एकाच संस्थानांत होतीं. बाळासाहेब स्वतः कुंचला धरणारे. रंगांना मुकलेल्या माणसास चित्रकार राजानेंच आधार द्यावा, हा योग मोठा गोड आहे.

येथें वाचक सहज म्हणतील, कीं लक्ष्मणराव तेव्हां तरुण होते. वाट बदलण्यास त्यांच्यापुढें आयुष्य पडलें होतें. आक्षेप खरा आहे. वार्धक्याला दुसरा दाखला हवा, आणि तो फ्रान्समध्यें सापडतो. चित्रकार रन्वार (१८४१–१९१९) याचीं बोटें संधिवातानें वांकडीं झालीं होतीं. तरी १९१३ पासून त्यानें मूर्ति घडविल्या. दृष्टि त्याची, मातींत राबणारे हात रिशार ग्विनो या तरुण शिल्पकाराचे. पुढें १९७३ सालीं फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयानें ग्विनो हा त्या मूर्तींचा सहकर्ता असल्याचा निर्णय कायम केला. उसने घेतलेले हात नुसते हात राहत नाहींत. त्यांचाही कृतीवर हक्क बसतो.

आमचें दुखणें कोठें आहे, हें आम्हांस या कथेनें दाखविलें. बोटें दुखतात हें खरेंच. परंतु ‘ही गाडी आम्हीं एकट्यानें उभी केली’ हें वाक्य सोडवत नव्हतें, तें अधिक दुखत होतें. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, तसें आम्हीं हें वाक्य सोडलें पाहिजे.

म्हणून गाडी विकावयाची नाहीं, असें ठरविलें आहे. सांगलीस आमचा भाचा आहे. यंत्रांत रमणारा, पण जुन्या इंजिनाला कधीं हात न लावलेला. सुटीच्या दिवशीं तो येईल. आम्ही खुर्चीवर बसून सांगूं, तो पाना धरील. त्याच्या हातून कांहीं चुका होतील आणि आम्हांस ओरडावेंसें वाटेल. तें आवरणें हेंच यापुढें आमच्या वांट्याचें काम. इंजिन सुरू झालें, तर गाडी दोघांची.