चरबीची बरणी आणि डालड्याचा डबा

अमेरिकेतल्या शेतकरी बायका हिवाळ्यात डुक्कर कापलं की त्याची चरबी मंद आचेवर कढवत, गाळून बरणीत भरत. तळण त्यातच व्हायचं. १९११ साली सरकीचं तेल घट्ट करून बनवलेलं ‘क्रिस्को’ बाजारात आलं. जाहिराती सांगत, चरबी जुनाट, हे स्वच्छ. बरणी मागे पडली. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला, तोही तेल घट्ट करूनच.

पुढे कळलं, तेल असं अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. ते हृदयाला घातक. २०२२ पासून आपल्या देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

चरबी काय, तूप काय, बेतानंच खावं. पण आपल्या हातचं ते हलकं आणि डब्यातलं ते भारी, हे जाहिरातीला ठरवू देऊ नये. डब्यावरची बारीक अक्षरं आपणच वाचू.