फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा लंडनमध्ये नाही, स्वित्झर्लंडमध्ये का?

स्वित्झर्लंडमधील माँत्रो शहरात जिनिव्हा सरोवराच्या काठावर एक ब्राँझचा पुतळा उभा आहे. एक हात मूठ आवळून आकाशाकडे उंचावलेला, दुसऱ्या हातात माइकचा अर्धाच दांडा आणि तोंड सरोवराकडे. हा पुतळा 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा आहे. जगभरातून येणारे चाहते इथे फुले वाहतात, फोटो काढतात. पण फ्रेडीचा जन्म इथला नाही आणि मृत्यूही इथला नाही. मग पुतळा इथे कसा?

फ्रेडी मूळचा कुठला?

त्याचे खरे नाव फारुख बलसारा. एका पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये त्याचा जन्म झाला. लहानपणीच त्याला शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले आणि तो साताऱ्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत दाखल झाला. तिथेच तो पियानो शिकला आणि मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड काढला. १९६४ मध्ये बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले.

माँत्रोशी नाते काय?

१९७८ मध्ये 'क्वीन'ने माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत 'जॅझ' या अल्बमचे काम केले आणि पुढे हा स्टुडिओच विकत घेतला. आयुष्याच्या अखेरीस एड्सने आजारी असलेल्या फ्रेडीला इथली शांतता हवीहवीशी वाटायची. १९९१ मध्ये, अंगात त्राण नसतानाही, त्याने आपली शेवटची गाणी याच स्टुडिओत रेकॉर्ड केली. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमधील घरी त्याचे निधन झाले. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.

पुतळा कोणी घडवला?

झेक वंशाच्या शिल्पकार इरेना सेडलेत्स्का यांनी. त्यांचा जन्म १९२८ चा, शिक्षण प्राग येथे. पुढे देश सोडून त्या ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्या. त्यांनी घडवलेला फ्रेडीचा पुतळा सुमारे ३ मीटर उंच आहे. आधी तो लंडनमध्ये बसवण्याचा विचार होता, पण तिथे जागा मिळाली नाही. शेवटी माँत्रोने जागा दिली. २५ नोव्हेंबर १९९६ रोजी, म्हणजे फ्रेडीच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑपेरा गायिका माँसेरात काबाये यांच्या हस्ते अनावरण झाले. १९८८ चा 'बार्सिलोना' हा अल्बम दोघांनी मिळून केला होता. १९९५ च्या 'मेड इन हेवन' या अल्बमच्या मुखपृष्ठावरही हेच शिल्प दिसते.

ब्राँझच का?

ब्राँझ हा मुख्यतः तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. दगडात असा उंचावलेला हात कोरला तर तो तुटण्याची भीती असते, त्याला आधार द्यावा लागतो. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ ओततात आणि धातू चिवट असल्यामुळे हात अधांतरी राहू शकतो. ऊन, पाऊस, बर्फही तो वर्षानुवर्षे सोसतो. म्हणूनच फ्रेडीची रंगमंचावरची ती ओळखीची ऐट इथे जशीच्या तशी पकडता आली. हातातला अर्धा दांडाही त्याची ओळखच. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात माइकचा स्टँड मोडला आणि तो वरचा तुकडाच घेऊन गात राहिला, असे सांगितले जाते.

चाहत्यांसाठी इतका महत्त्वाचा का?

फ्रेडीवर लंडनमध्ये अग्निसंस्कार झाले, पण त्याची रक्षा कुठे आहे हे कधीच जाहीर करण्यात आले नाही. चाहत्यांना डोके टेकवायला समाधी नाही. त्यामुळे त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास लोक सप्टेंबरमध्ये माँत्रोला जमतात. ज्या गावात त्याने शेवटचे सूर लावले, तिथला हा पुतळाच आता त्यांच्यासाठी समाधीच्या जागी आहे.