आव, आतडे आणि मन : एका वैद्यकीय कल्पनेचा इतिहास

मराठी भाषेने मनाच्या पुष्कळशा व्यापारांना पोटाचा आश्रय दिला आहे. अपराध पोटात घालावयाचा, गुपित पोटात ठेवावयाचे, दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून पोटशूळ उठावयाचा आणि लेकरासाठी आतडे तुटावयाचे, अशी ही योजना आहे. ह्या वाक्प्रचारांवरून आपल्या पूर्वजांना आतडे व मन ह्यांचा शास्त्रीय संबंध ठाऊक होता असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो उतावीळपणाचा ठरेल. भाषा अनुभवाची नोंद करते. कारणाची मीमांसा करण्याचे काम तिचे नव्हे. तथापि ज्या संबंधाची नोंद भाषेने इतक्या सहजतेने केली, त्याची मीमांसा करण्याचे प्रयत्न वैद्यकात वारंवार झाले आणि त्यांतील काही प्रयत्न रुग्णांच्या जिवावर बेतले. त्या प्रयत्नांचा क्रम लावून पाहणे उपयुक्त होईल.

आरंभ 'आव' ह्या शब्दापासून करता येतो. ग्राम-गाव, नाम-नाव ह्या जोड्यांत संस्कृतातील स्वरमध्यस्थ मकाराचा मराठीत वकार झालेला दिसतो. 'आम' शब्दापासून 'आव' हे रूप त्याच नियमाने सिद्ध होते. आम म्हणजे कच्चे, न पचलेले. आयुर्वेदात तो अपक्व अन्नरसाचा वाचक आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ आकुंचित होऊन शौचावाटे पडणाऱ्या चिकट श्लेष्मापुरता उरला. म्हणजे एका सिद्धान्ताचे नाव एका दृश्य पदार्थाला चिकटले. चरकसंहितेतील उन्मादाच्या प्रकरणात विरुद्ध, दूषित व अशुचि भोजन हे एक कारण सांगितले आहे. परंतु त्याच्याच शेजारी देव, गुरू व द्विज ह्यांचा अवमान आणि भय किंवा हर्ष ह्यांचा मनावर झालेला आघात हीही कारणे आहेत. प्रकुपित दोष बुद्धीचे स्थान जे हृदय त्याला दूषित करतात आणि मनोवह स्रोतसांत शिरतात, अशी तेथील उपपत्ती आहे. तीत अन्न आहे, पण केवळ अन्न नाही, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युरोपात हा समतोल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढळला. शार्ल बुशार ह्या फ्रेंच वैद्याने 1887 मध्ये आत्मविषबाधेची कल्पना मांडली. आतड्यात साचलेल्या मळातील विषे रक्तात मिसळून सर्व शरीर बिघडवितात, असा तिचा आशय होता. 1908 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी एली मेच्निकॉव्ह ह्यांनी तिला आपल्या नावाचे वजन दिले आणि आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला. दही खाण्याने कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन ह्यांनी तीच विचारसरणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेली. वेड हे शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गाचे फळ होय, अशा निश्चयाने त्यांनी रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि शेवटी मोठे आतडेही काढण्यास प्रारंभ केला. ज्यांचे मोठे आतडे काढले त्यांपैकी सुमारे 30 टक्के रुग्ण दगावले, हे त्यांच्या स्वतःच्या आकड्यांतून दिसत होते. 1933 मध्ये ते मरण पावले, तोवर आतडे व मन ह्यांच्या संबंधाचा विचारच प्रतिष्ठित वैद्यकात बदनाम होऊन बसला होता.

हा विषय पुन्हा उभा राहिला तो वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवर मुंबईचे एक ठाणे आहे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची प्रथा भारतात जुनी होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी 1931 मध्ये रक्तदाब व वेड ह्या दोहोंवरील तिचा उपयोग नोंदविला. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष ह्या वनस्पतीकडे वळले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि थोड्याच काळात ते अमेरिकेतील मनोरुग्णालयांत वापरले जाऊ लागले. रेसर्पीन दिल्याने शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते होतात, असे 1955 मध्ये आढळले. हे सेरोटोनिन म्हणजे इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर ह्यांनी 1930 च्या दशकात आतड्याच्या श्लेष्मल अस्तरातील पेशींत शोधलेले आणि आतड्यावरूनच 'एन्टेरामीन' असे नाव दिलेले द्रव्य होय. शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यातच तयार होते. ते मेंदूत सहजी शिरत नाही, म्हणून 'आतडे मनाला सेरोटोनिन पुरविते' हे विधान चुकीचे होय. परंतु दोन्ही अवयव एकच रासायनिक भाषा बोलतात, एवढे सिद्ध झाले.

खुद्द श्लेष्माकडे लक्ष जाण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. श्लेष्म हा केवळ वंगण किंवा उत्सर्ग मानला जात असे. स्वीडनमधील गुन्नर हान्सन ह्यांच्या गटाने 2008 मध्ये उंदरांच्या मोठ्या आतड्यात दाखवून दिले की, श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जंतू नांदतात. आतल्या घट्ट थरात त्यांचा शिरकाव जवळजवळ होत नाही. दोन्ही थर प्रामुख्याने 'म्यूक-2' ह्या एकाच शर्करायुक्त प्रथिनाचे विणलेले असतात. ते प्रथिन ज्या उंदरांत नसते, त्यांच्या आतड्याच्या पेशींना जंतू थेट भिडतात. अर्थात् जिला लोक रोगाची खूण समजत, ती आव मुळात तटबंदीची सामग्री होय; शौचावाटे ती दिसू लागते तेव्हा तटावर काही घडत आहे, एवढाच तिचा अर्थ.

तट फुटला किंवा कसे हे आतडे न उघडता कळावे, म्हणून रक्तातील प्रथिनांचा निदर्शक म्हणून उपयोग करण्याची पद्धत निघाली. तिचे सर्वांत भक्कम उदाहरण एचआयव्हीच्या अभ्यासातून आले. हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील सीडी-4 पेशींचा संहार फार लवकर करतो. जंतूंच्या कवचातील द्रव्ये त्यानंतर रक्तात झिरपतात, असे 2006 मध्ये दाखविण्यात आले. त्यांना प्रतिसाद म्हणून श्वेतपेशी 'विद्राव्य सीडी-14' नावाचे प्रथिन सोडतात. ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्या बाधितांत स्मृती व आकलन ह्यांचा ऱ्हास अधिक, असा संबंध 2011 मध्ये नोंदला गेला. एमिली सेव्हरन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये छिन्नमनस्कतेच्या रुग्णांतही हेच प्रथिन वाढलेले असल्याचे प्रसिद्ध केले. परंतु ज्या दुसऱ्या प्रथिनाने त्याला दुजोरा द्यावयाचा, त्यात तसा फरक आढळला नाही. आणि ही विसंगती त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच मान्य केली. कॉटन ह्यांच्या काळापासून शास्त्राने कोणती प्रगती केली असे विचारल्यास, ह्या प्रांजळपणाकडे बोट दाखविता येईल.

बीडच्या दक्षिणेस बिंदुसरेच्या खोऱ्यात वसलेल्या पाली ह्या गावाशी ह्या इतिहासाचा संबंध येथे पोहोचतो. दत्ता व संध्या बारगजे ह्यांनी 'इन्फंट इंडिया' ह्या संस्थेच्या द्वारे एचआयव्हीबाधित व निराधार मुलांचे घर पाली येथे उभे केले. वर सांगितलेले संशोधन पालीत झालेले नाही. परंतु ते ज्यांच्याविषयी आहे, अशी मुले तेथे वाढली. अशा एखाद्या मुलाला अभ्यास आठवत नाही, ते अबोल होते किंवा रात्री दचकून उठते; त्याच्या रक्तात सीडी-14 वाढलेले आढळले, तर त्यावरून काय सिद्ध होईल? क्षयातही ते वाढते, इतर संसर्गांतही वाढते. आणि ज्याने आईबाप गमावले व गावाने ज्याला दूर लोटले, त्याच्या अबोलपणाचे कारण आतड्यात शोधण्यापूर्वी त्याच्या घराकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. उलट पक्षी, त्याचे सारे दुःख मनाचेच आहे असे मानून त्याच्या पोटाकडे व औषधाकडे दुर्लक्ष करणे हाही तितकाच घातक प्रमाद होय. भारतात विषाणुरोधक औषधे सरकारतर्फे मोफत देण्यास 1 एप्रिल 2004 रोजी प्रारंभ झाला. ह्या उपचाराने विषाणू दबतो. मात्र आतड्याच्या अस्तराची हानी पुष्कळदा पूर्णपणे भरून येत नाही, हेही अभ्यासांतून दिसले आहे.

शब्द आणि पदार्थ ह्यांची फारकत आधुनिक प्रयोगशाळेतही घडते, ह्याचे एक उदाहरण अखेरीस नमूद केले पाहिजे. आतड्याच्या पेशींमधील सांधे सैल करणाऱ्या एका प्रथिनाला आलेस्सिओ फासानो ह्यांच्या गटाने 2000 मध्ये 'झोन्युलिन' असे नाव दिले. ते मोजण्याची संचपेटी बाजारात आली आणि नैराश्यापासून आत्ममग्नतेपर्यंत अनेक विकारांत त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. परंतु ह्या प्रथिनाची जी ओळख 2009 मध्ये सांगण्यात आली होती, त्याच्याशी बाजारातील संचपेटीने मोजलेला पदार्थ जुळत नाही, असे 2018 मध्ये तपासणीत निष्पन्न झाले. नाव एकाचे आणि मोजमाप दुसऱ्याचे, असा हा प्रकार होता. 'आम' सिद्धान्ताचे नाव 'आव' ह्या पदार्थाला चिकटले, त्याला लोकभाषेची शेकडो वर्षे लागली. येथे तेच काम थोड्या वर्षांत झाले.

सारांश, आतडे व मन ह्यांचा संबंध आहे, हे आता नाकारता येत नाही. मात्र संबंध म्हणजे कारण नव्हे आणि निदर्शक म्हणजे रोग नव्हे, हा विवेक सुटला तेव्हा ट्रेंटनसारखे अनर्थ झाले. चरकाने अन्नाच्या जोडीला आघाताला स्थान दिले होते, ते त्याला प्रथिनांचे ज्ञान होते म्हणून नव्हे, तर समोरच्या रुग्णाची हकिकत त्याने पुरती ऐकली होती म्हणून. रक्ताचा थेंब तपासणाऱ्यालाही ती हकिकत ऐकण्यापासून सुटका नाही.